फ्रेडी गेला तेव्हा

(मंडळाच्या नोव्हाय इथल्या एका गप्पांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज प्रत्येकाने आपल्या आवडत्या पात्राबद्दल बोलायचं आहे. माझ्याआधी एकांनी अंतू बर्वा घेतला, दुसऱ्यांनी अप्पासाहेब बेलवलकर. एवढ्या मोठ्या माणसांच्या पंगतीत मी ज्याला आणून बसवणार आहे, त्याला ना रत्नागिरीचा खवचटपणा येतो, ना लांबलचक स्वगत म्हणता येतं. त्याला भुतांची भीती वाटते, बायकोची त्याहून जास्त वाटते, आणि साहेब ओरडले की तो मान खाली घालून गुपचूप उभा राहतो. तो म्हणजे ‘सीआयडी’ मालिकेतला इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स. आपला फ्रेडी!

हसलात ना? म्हणजे बहुतेकांनी ओळखला. मागच्या रांगेतल्या मुलांसाठी थोडं सांगते. ‘सीआयडी’ ही सोनी वाहिनीवरची हिंदी मालिका. 21 जानेवारी 1998 ला सुरू झाली आणि 27 ऑक्टोबर 2018 ला थांबली, तोवर तिचे 1547 भाग झाले होते. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग. याच सिंगसाहेबांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती, पोलिसांच्या शंभर नंबरवरून नाव दिलेली, आणि तिथेही शिवाजी साटम होतेच. पुढे ‘सीआयडी’त साटम एसीपी प्रद्युमन झाले. बँकेत नोकरी केलेला हा मराठी माणूस हवेत बोटं फिरवत ‘कुछ तो गड़बड़ है’ म्हणायला लागला की समजायचं, आता कोणाची तरी धडगत नाही. दयानंद शेट्टींचा दया दरवाजे तोडायचा, आदित्य श्रीवास्तवचा अभिजित डोकं चालवायचा. 2004 साली तर या मंडळींनी 111 मिनिटांचा अख्खा भाग एकाही कटशिवाय चित्रित केला आणि रेकॉर्ड बुकात नाव लावलं.

या मालिकेतल्या नावांची मला नेहमी गंमत वाटते. साळुंखे हे अस्सल मराठी आडनाव, पण डॉक्टर साळुंखे झाले होते नरेंद्र गुप्ता. आणि फ्रेडरिक्स हे ख्रिस्ती नाव लावून वावरत होता आपला दिनेश फडणीस! सेटवर कोणी नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि हवेने उडवल्या, असंच वाटतं.

आता हा फ्रेडी करायचा काय? तसं पाहिलं तर काही नाही. दार दया तोडणार, गुन्हेगार प्रद्युमन ओळखणार, विष कोणतं ते साळुंखे सांगणार. फ्रेडी आपला मागे उभा. पण जरा बारकाईने बघा. पहिल्या पाच मिनिटांत प्रेत सापडतं. बाकी सगळे लगेच कामाला लागतात, कोणी रक्ताचा डाग बघतोय, कोणी खिसे तपासतोय. तिथे तुमच्या-आमच्यासारखा दचकतो तो एकटा फ्रेडी. ‘सर, हे असं कसं झालं?’ हा आपल्या मनातला प्रश्न तो विचारतो, आणि त्याला समजावण्याच्या निमित्ताने एसीपी आपल्याला समजावतात. प्रेत बघून आलेला ताण तो एखाद्या भाबड्या वाक्याने हलका करतो, म्हणून तर पुढचा अर्धा तास आपण जेवणाचं ताट मांडीवर घेऊन खून बघू शकतो. रहस्यकथेत असा माणूस लागतोच. नायकाला हुशार दिसायचं असेल तर शेजारी कोणीतरी प्रश्न विचारणारा हवा.

माझी आणि फ्रेडीची ओळख मात्र मुंबईत झाली नाही, ती झाली इथे, नोव्हायला. 2001 साली मी लग्न होऊन आले ते एच-फोरवर. काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि बाहेर जानेवारीतला बर्फ. पत्ते सगळे मैलांत, टेन माइल रोड, ट्वेल्व्ह माइल रोड, आणि चालत जाण्यासारखं एकही ठिकाण नाही! नवरा सकाळी सातला ऑफिसला जायचा. त्यानंतर घरात दुसरा आवाज फक्त टीव्हीचा. इंडियन ग्रोसरीतून कॅसेट आणायच्या, पुढे डिश आली. खून, पुरावे, लॅब यांत मला फारसा रस नव्हता. मी थांबायचे ते त्या ऑफिसातल्या माणसांसाठी. ती सगळी रोज एकमेकांना भेटत होती, चहा पीत होती, एकमेकांची चेष्टा करत होती. आणि त्यांच्यात फ्रेडी तर असा, की लिफ्ट बंद पडली तर डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत कोणीही त्यालाच हाक मारली असती.

2006 मध्ये सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले तेव्हा हा छंद घरचा झाला. बाबा, म्हणजे माझे सासरे, पोस्टात होते. त्यांनी फ्रेडरिक्स हे नाव एकदाही उच्चारलं नाही. ‘आपला फडणीस आला बघ,’ म्हणायचे. एसीपी त्याच्यावर ओरडले की बाबांना मनापासून वाईट वाटायचं. ‘वरिष्ठांनी चारचौघांत असं बोलू नये. काम तर करतोय बिचारा!’ तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेला माणूस बोलत होता तो.

आता 2023 च्या डिसेंबरवर येते. दिनेश फडणीस आजारी असल्याची बातमी आली. आधी सगळीकडे छापून आलं की हार्ट अटॅक. मग दयानंद शेट्टींनी स्वतः सांगितलं की तसं नाही, यकृताचा त्रास आहे. 5 डिसेंबरला, मुंबईत मध्यरात्र उलटल्यावर, ते गेले. वय अवघं 57. बोरिवलीत अंत्यसंस्कार झाले, ‘सीआयडी’तले सहकारी तिथे होते. ज्या माणसांना आपण वीस वर्षं खोट्या प्रेतांभोवती उभं राहिलेलं बघितलं, ती त्या दिवशी खरोखरीच्या मृत्यूपाशी उभी होती.

तेव्हा आपल्याकडे सोमवारची दुपार होती. फोनवर निरोपांची रांग लागली. एकाच मालिकेवर वाढलेली माणसं, कोणी कॅन्टनची, कोणी ट्रॉयची, कोणी पार टेक्सासला गेलेली, सगळे लिहीत होते, ‘फ्रेडी गेला.’ दिनेश फडणीस गेले असं लिहिणारे फार थोडे. बाबांचा पुण्याहून फोन आला. त्यांच्या तोंडी अर्थातच ‘आपला फडणीस गेला गं’. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मालिकेत त्याला कधी मारला नव्हता ना?’

मी म्हटलं, नाही बाबा.

‘मग बरं,’ म्हणाले.

हे ‘मग बरं’ माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. मालिका 2018 लाच बंद झालेली, म्हणजे फ्रेडीला पडद्यावर मरण आलंच नाही. नट गेला, पण पात्राला निरोप मिळाला नाही. हे बरं का वाईट?

अमेरिकेतल्या मालिकांत असं झालं तेव्हा लोकांनी काय केलं, ते मी जरा शोधलं. आपल्यातले जे ऐंशीच्या दशकात शिकायला इथे आले, त्यांना ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ आठवत असेल. एनबीसीवर 1981 ते 1987 चाललेली पोलीस ठाण्याची मालिका. तिच्यात सार्जंट फिल एस्टरहाउस हे साहाय्यक पात्र होतं. बहुतेक भागांची सुरुवात त्याच्या सकाळच्या हजेरीने व्हायची, आणि शेवटी तो सगळ्या शिपायांना सांगायचा की बाहेर जरा सांभाळून राहा. आपल्याकडे आजी दारापर्यंत येऊन ‘जपून जा रे’ म्हणते ना, अगदी तसं! ही भूमिका करणारे मायकेल कॉनरॅड नोव्हेंबर 1983 मध्ये कॅन्सरने गेले. मालिका तेव्हा जोरात होती. निर्मात्यांनी त्यांच्या जागी दुसरा नट उभा केला नाही, आणि सार्जंट बदलीवर गेला असंही दाखवलं नाही. 2 फेब्रुवारी 1984 च्या भागात पात्राचाही मृत्यू झाला, आणि सहकाऱ्यांनी त्याची रक्षा त्या हिल स्ट्रीटवरच विखुरली. चाळीस वर्षं झाली, पण त्या मालिकेचा विषय निघाला की लोक त्या सार्जंटपाशी येऊन थांबतात.

दुसरं उदाहरण आपल्या डेट्रॉइटच्या जवळचं. ‘मॅग्नम पी.आय.’ घडते हवाईत, पण नायक टॉम सेलेक जन्माने डेट्रॉइटचा, आणि मालिकेत तो डेट्रॉइट टायगर्सची टोपी घालतो. तीच इंग्रजी डी अक्षराची टोपी, जी आज इथल्या निम्म्या घरांत खुंटीवर असेल. त्यात मॅक नावाचा नौदलातला अधिकारी आहे. मॅग्नमला गुपचूप कागदपत्रं पुरवणारा, खाण्यापिण्याचा शौकीन, साधासरळ माणूस. सप्टेंबर 1982 मध्ये दाखवलेल्या भागात तो मॅग्नमची फेरारी सुरू करतो आणि गाडीतला बॉम्ब फुटतो. मारायचं होतं दुसऱ्यालाच, मेला मॅक. त्या भागाच्या शेवटी मॅग्नम जे करतो, ते योग्य की अयोग्य यावर प्रेक्षक अजून वाद घालतात. मॅकची भूमिका करणारे जेफ मॅके मात्र तेव्हा धडधाकट होते. पुढे ते त्याच मालिकेत मॅकसारख्याच दिसणाऱ्या एका भामट्याच्या भूमिकेत परत आले. म्हणजे मित्राचा चेहरा समोर, पण तो मित्र नाही. मला विचाराल तर मरणापेक्षा हे जास्त जिव्हारी लागणारं.

आणि तिसरं उदाहरण आपल्याच घरचं. ‘सीआयडी’ 21 डिसेंबर 2024 ला पुन्हा सुरू झाली. फ्रेडीशिवाय. एप्रिल 2025 मध्ये बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युमन मरण पावले असं दाखवलं. वाहिनीने खऱ्या माणसाची द्यावी तशी श्रद्धांजलीची जाहिरात दिली, वर 1998 ते 2025 अशी सालंही घातली! लोक केवढे चिडले. साटम तर ठणठणीत, त्याच महिन्यात 75 वर्षांचे झाले. थोड्याच आठवड्यांत एसीपी मालिकेत हजर! मी बाबांना फोन केला, तर ते अजिबात हलले नव्हते. म्हणाले, ‘साटम आहेत ना? मग झालं. टीआरपीची नाटकं सगळी.’

बघा हं, एकच माणूस. नायक मेला तर ढिम्म, आणि फडणीस गेला तर घसा दाटलेला. मला वाटतं बाबांचं बरोबर आहे. नायक परत येणार याची आपल्याला खात्री असते. त्याच्याभोवती कथा उभी असते, त्याला नेलं तर वाहिनीचंच नुकसान. मागे उभा असलेल्याला अशी कोणाची हमी नाही. तो नसला तरी खून होतील, दारं तुटतील, गुन्हेगार सापडतील. मालिका चालू राहील. फक्त चहाच्या वेळी एक खुर्ची रिकामी दिसेल.

आता मला जे सांगायचं आहे, त्याच्याशी येते. आपण देश सोडून आलो तेव्हा आपल्याही गोष्टीतली मुख्य पात्रं आणि साहाय्यक पात्रं वेगळी झाली. आई-वडील, भावंडं, ही मुख्य. त्यांचं काही झालं तर रात्री दोनला फोन वाजतो, आपण मिळेल ते तिकीट काढतो, फ्रँकफर्टला नाहीतर ॲमस्टरडॅमला डोळे पुसत बसतो. पण बाकीच्यांचं काय? पेपर टाकणारा, शाळेतले शिपाई, कोपऱ्यावरचा वाणी, आईला रिक्षातून दवाखान्यात नेणारा शेजारी. त्यांच्यासाठी फोन वाजत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली इस्त्रीवाले काका बसायचे. कोळशाची इस्त्री. माझ्या शाळेच्या गणवेशाच्या घड्या त्यांच्यासारख्या कोणाला जमल्या नाहीत. परीक्षेच्या दिवसांत माझे कपडे ते न सांगता गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवत. मी अमेरिकेला निघाले तेव्हा बॅगेत भरायच्या सगळ्या साड्या त्यांनी इस्त्री करून, वर्तमानपत्रात बांधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. नोव्हायच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्या आठवड्यात मी ते पुडकं सोडलं आणि त्यावरचं मराठी वर्तमानपत्र उभ्या-उभ्या पूर्ण वाचून काढलं. छोट्या जाहिरातींसकट!

पुढे एकदा आईशी फोनवर बोलताना सहज विषय निघाला. मी विचारलं, ‘काका काय म्हणतात गं?’

‘कोण? इस्त्रीवाले? अगं, ते गेले की. गेल्या शिमग्याच्या सुमारास.’

तेव्हा गणपती येऊन गेले होते. मी म्हटलं, ‘मला सांगितलं नाहीस?’

आई म्हणाली, ‘त्यात काय सांगायचं? तुला उगीच तिकडे...’

तिचंही खरं होतं. आठवड्यातून एकदा फोन, मिनिटाला पैसे पडायचे, त्यात नातवंडाची तब्येत, बाबांची साखर, मावशीच्या मुलीचं लग्न. इस्त्रीवाल्या काकांना त्या फोनमध्ये जागा कुठून मिळणार? म्हणजे सहा महिने ते माझ्या डोक्यात त्या जिन्याखाली जिवंत होते, इस्त्रीवर पाणी शिंपडत. आणि ते गेल्याचं कळल्यावर मी करणार काय होते? सुतक नाही, भेटायला जायचं घर माहीत नाही. त्यांचं पूर्ण नावसुद्धा आईला विचारावं लागलं. तिलाही सांगता आलं नाही.

फ्रेडी गेल्यावर एवढ्या लोकांना एवढं का वाटलं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. मागे उभ्या असलेल्या माणसाची बातमी पहिल्यांदाच आपल्याला त्याच दिवशी कळली. शिमग्याची बातमी गणपतीत नाही, त्याच दिवशी दुपारी. सगळ्यांना एकाच वेळी कळली, आणि एकमेकांना सांगताही आली. ‘त्यात काय सांगायचं’ असं कोणी म्हटलं नाही. मला तर वाटतं, त्या सोमवारी आपल्यापैकी कित्येकांनी फ्रेडीच्या नावाने दुसऱ्याच कोणासाठी तरी हळहळून घेतलं असेल.

आणि बाबांच्या त्या ‘मग बरं’बद्दल. मला आधी वाटलं होतं, पात्राला निरोप मिळाला नाही हे वाईट झालं. हिल स्ट्रीटवाल्यांनी सार्जंटची रक्षा रस्त्यावर विखुरली, ते किती छान केलं! पण बाबांचा हिशोब वेगळा आहे. पोस्टात टपाल वाटून वाटून त्यांना एवढं पक्कं माहीत आहे, की काही पत्रं पोचत नाहीत म्हणून लिहिणारा खोटा ठरत नाही. फडणीस गेले हे दुःख एकदाच व्हावं, खोट्या गोळीने आधी आणि खऱ्या आजाराने नंतर असं दोनदा होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. फक्त त्यांना निरोप नको असेल, तर मला हवा आहे.

म्हणून एक सूचना मांडते आणि बसते. आपल्या दिवाळी अंकात शेवटी श्रद्धांजलीचं पान असतं. त्यावर मंडळाच्या सभासदांची, त्यांच्या आई-वडिलांची नावं येतात. ती यायलाच हवीत. संपादकांना मी विचारलं आहे, त्याच पानावर अर्धा रकाना देता येईल का? ज्यांची बातमी आपल्याला उशिरा कळली, बोलता बोलता कळली, त्यांच्यासाठी. फोटो नको, मोठं लिहिणं नको. काम आणि गाव, एवढंच. ‘शाळेतले घंटा देणारे मामा, मिरज.’ ‘बसस्टॉपवरची गजरेवाली, दादर.’ नाव माहीत असेल तर नाव, नसेल तरी चालेल. संपादक म्हणाले, मजकूर आला तर जागा काढू.

आणि दिवाळीचा फराळ करताना घरी फोन लावाल, हल्ली तर व्हिडिओवर पैसेही पडत नाहीत, तेव्हा मुख्य मंडळींची चौकशी झाली की आणखी एकाच माणसाचं विचारा. आई म्हणेल, ‘हे काय मधेच?’ म्हणू दे. कदाचित तो माणूस मजेत असेल, आणि उद्या सकाळी त्याला कळेल की अमेरिकेतून कोणीतरी त्याची आठवण काढली. ते तर श्रद्धांजलीपेक्षा केव्हाही चांगलं.

चहाच्या टेबलाशी मी एक वही ठेवली आहे. पहिली ओळ मी लिहिली आहे, ‘इस्त्रीवाले काका, डोंबिवली.’ शेजारी पेन आहे. बटाटेवडा खाऊन झाला की हात पुसून लिहा, वहीला तेल लागता कामा नये!